दहा पुड्या

बावडा, मंगळवार

प्रिय गोकुळ,

मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहितेय, उरलेल्या डोळ्याला ताण नको. फोनच केला असता, पण बिरूतात्यांचं नाव काढलं की तू फोन ठेवतोस. तात्या परवा गेले रे. साऱ्या पंचक्रोशीच्या बंदुका दुरुस्त करणारा माणूस, आपल्या आबांचा जिवलग, आणि शेवटच्या वाटेला सात माणसं. तू आला नाहीस. त्यांनी नळी नीट सांधली नाही म्हणून तुझा डोळा गेला, असं तू म्हणतोस आणि वर्षभर सगळा गाव म्हणतोय.

आबांचं ते पितळी माप आठवतं? बोटाच्या पेराएवढं, तात्यांनीच करून दिलेलं. मक्यात डुकरं शिरायला लागली की आबा ठासणीची बंदूक काढायचे आणि तुला शेजारी बसवायचे. दारू सैल ओतायची, बोटानं सपाट पुसायची, माप आपटायचं नाही. “नुसतं माप तेच असून भागत न्हाय, हात बी तोच पायजे,” असं तात्या बजावायचे. तू शिकलास. मला कोण बसवून घेतंय? मी पोरीची जात, मी चुलीपाशी.

गेल्या पंचमीला मी माहेरी काटेवाडीला आले, तेव्हा तुझा अंगठा काटा मोडून सुजला होता. ताई, आबांच्या मापानं दारूच्या तेवढ्या दहा पुड्या भरून ठेव, म्हणालास आणि मोटार चालू करायला गेलास. मी ओसरीवर बसून हौसेनं भरल्या. त्याच संध्याकाळी पहिली पुडी बंदुकीत गेली आणि नळी फुटली.

तुला बारामतीला दवाखान्यात नेलं, बायको म्हणून निकिता तुझ्याबरोबर गेली. घरी मी एकटी होते. तात्या बावड्याहून धावत आले. उरलेल्या नऊ पुड्या त्यांनी एकेक सोडून मापात ओतल्या. प्रत्येक पुडी मापाबाहेर सांडली, आणि एकीसारखी दुसरी नव्हती. सगळी दारू त्यांनी पाण्याच्या बादलीत लोटली. माझ्याकडे न बघता म्हणाले, “म्हाळसा, नळी माझीच कच्ची व्हती. तुला येकच भाऊ हाय.” आणि मी मेली गप्प बसले.

गोकुळ, वीस वर्षं मी बावड्याच्या बाजारात ज्वारी विकतेय. अधोली भरली की आपटायची, खाली बसली की पुन्हा भरायची, वर शीग लावायची आणि आपलं माणूस असलं की वरून एक मूठ. हाताला दुसरं वळणच नाही. त्या दुपारीही माझ्या भावाला कमी पडू नये म्हणून मी तेच केलं. प्रत्येक पुडीला माप आपटलं, शीग लावली, वर चिमूट टाकली. तुझा डोळा मी घालवला. तात्यांच्या दारात त्यानंतर कुणी बंदूक आणली नाही. काल त्यांच्या शकुबाईंना सगळं सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, “आता कशाला सांगतीस?” खरंच, कशाला? डोळा येत नाही, तात्या येत नाहीत. पण आज तू त्यांना शिव्या देत असशील, आणि त्या माझ्या आहेत. पुढच्या आठवड्यात पंचमी आहे. मला न्यायला येऊ नकोस, मी पिशवी भरलेली नाही.

अजूनही तुझीच म्हणवून घेणारी,
म्हाळसाताई