सुटलेला टाका

प्रिय बाळ्या,

टरफलाच्या आतून येणारी ती चिवचिव आठवते? पिल्लं बाहेर पडायच्या आदल्या दिवशी आपण दोघं उबवणीच्या यंत्राला कान लावून उभे होतो. मी शाळेतली कविता पुटपुटत होतो आणि तू म्हणालास, "दादा, यमकं पुरे, तारा जुळव." दुसऱ्या दिवशी यंत्र भडकून तापलं, उष्णता वाढली की लागावा म्हणून आपण जोडलेला लाल दिवा लागलाच नाही, आणि चारशे अंड्यांतून एकही आवाज आला नाही.

सेन्सरच्या तारेचा सोल्डरचा टाका सुटला होता, आणि टाका तू मारला होतास. उबवणी केंद्राचे मालक चारचौघांत म्हणाले, याच्या हातात पुन्हा काही देऊ नका. मी थोरला, पण तुझ्या बाजूने ब्र काढला नाही. उलट घरी येऊन जखमेवर मीठ चोळलं. तू सोल्डरची कांडी ठेवलीस ती कायमची, आणि कापडाच्या दुकानात मापं घेत म्हातारा झालास.

परवा माझी नात कॉलेजसाठी तसाच दिवा करायला बसली. मी ऐटीत जुनी वही काढली. म्हटलं, कंपॅरेटर म्हणजे तराजू गं. एका पारड्यात आपण ठरवलेली मर्यादा, दुसऱ्यात सेन्सरचा निरोप, उष्णता वरचढ झाली की दिवा. तिने माझ्या आकृतीवरून जोडणी केली, दिवा झोकात लागला. मग म्हणाली, "आजोबा, तारच तुटली तर?" आणि कात्रीने तार कापून सेन्सर उकळत्या पाण्यात सोडला.

दिवा ढिम्म. तार तुटली की तुमच्या सर्किटला वाटतं सगळं गार आहे, असं सांगून तिने शेजारी दुसरा कंपॅरेटर बसवला. आता तार तुटली तरी दिवा लागतो. दहा मिनिटांचं काम.

मी वही पुन्हा उघडून बसलो, बाळ्या. टाके सुटतातच रे, यंत्र दिवसभर थरथरतं. सुटल्यावरही दिवा लागावा, हे बघणं माझं काम होतं. आकृती माझी होती. बेचाळीस वर्षं मी तुझे हात दोषी धरले.

हे सांगायलाच लिहितोय. चूक माझी होती. पत्र तुझ्या मुलांनाही वाचून दाखव. आज सकाळी मालकांनाही फोनवर सांगितलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

थांब, दार वाजतंय.

मालक आलेत रे. नव्वदीचे, काठी टेकत, दोन जिने चढून. धाप लागलीय, पण पाणी नको म्हणतात. "चारचौघांतले ते शब्द माझे होते," म्हणाले, "पेन इकडे दे." कागद त्यांच्याकडे सरकवतो. खालचं थरथरतं अक्षर त्यांचं.

तुझाच,
दादा