जाड पट्ट्यांचं टोक

जिंजा, ४ जून १९९१

चि. नाईगागास अनेक आशीर्वाद.

तुझी रताळी पोचली. तुझ्या वहिनीने शेजारणीला वास लागण्याआधीच संपवली.

रविवारी सहा जणांची एम्बाइरेची तालीम रेडिओसाठी रेकॉर्ड करायला येतो. मायक्रोफोन एक, कॅसेट एक. तेव्हा चुकायची सोय नाही. खड्ड्यावर एम्बाइरेच्या लाकडी पट्ट्या मांडल्या की मायक्रोफोन बारीक पट्ट्यांच्या टोकाला, आंब्याच्या फांदीला टांगायचा. बाबा जाड पट्ट्यांशी बसतात, म्हणजे त्यांचा खोकला लांब राहील. रेडिओवाले खोकला घेत नाहीत. बाबांना आत्ताच काही सांगू नकोस, रुसतील.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझा दादा, बालिकोवा

बुलोंगो, २१ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

आईला अजून झोप नाही. तू बाबांना माती देऊन परतलास, आणि काल धाकट्या टिबेंडाला त्यांचा वारस म्हणून बसवलं. वारसाने बाबांच्या जागी वाजवायचं. बाबांनी तालमीच्या दिवशीच त्याला सांगितलं होतं की माझे हात कॅसेटीत आहेत, तिथून शीक.

महिनाभर त्याने तू उतरवून दिलेली कॅसेट लावली. बाकीचे पाचही जण स्वच्छ ऐकू येतात, बाबा नाहीत. काल पाच जणांनी सुरुवात केली. टिबेंडाने काठ्या उचलल्या आणि तशाच धरून राहिला. मुगोयाकाका सगळ्यांदेखत म्हणाले की, पोरा, बाप काय उपाशी ठेवून गेला का तुला? मग पाचही थांबले.

दादा, तुझ्याकडे दुसरं रेकॉर्डिंग असेल तर पाठव.

आठवण असू दे.
नाईगागा

जिंजा, ३० सप्टेंबर

चि. नाईगागास आशीर्वाद.

दुसरं रेकॉर्डिंग नाही. त्या दिवशी मायक्रोफोन टांगताना बाबा म्हणाले होते की बालिकोवा, खोकला माझा, तसे हातही माझेच. जरा इकडे आण. मी हसून म्हटलं की जाड आवाज आपोआप पोचतो, तुम्ही वाजवा हो. स्वस्त मायक्रोफोनला तो पोचत नाही, हे मला ठाऊक होतं. मला रेडिओ हवा होता.

रेडिओने मूळ कॅसेट परत पाठवली आहे. दुसऱ्या बाजूला (ती तुम्हाला उतरवून दिली नव्हती), गाणं संपल्यावर, फार लांबून एकदा खोकला येतो म्हणे, म्हणून नको.

टिबेंडाला सांग, चूक त्याची नाही. ती कॅसेट आईसाठी पाठवतोय.

माया ठेवता आली तर ठेव.
बालिकोवा