सारवलेलं ग्रीन

१४ नोव्हेंबर १९८१, शनिवार. सकाळी सात वाजून दहा मिनिटे.

मोहाडी क्लबच्या बोलिंग ग्रीनवर धान वाळत घातलेलं आढळलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी उभी राहून बाउल टाकते त्या मॅटच्या जागी एक कोंबडी. हाकलली तर माझ्याकडेच बघत राहिली.

हे ग्रीन, म्हणजे खेळायची सपाट हिरवळ, कुणा इंग्रज इंजिनीयरनं बायकोसाठी करून घेतलेलं. आसपास दुसरं नाही. इथे लॉन बोल्स खेळतात, म्हणजे मी खेळते. जॅक नावाचा छोटा पांढरा चेंडू लांब टाकायचा आणि मोठे बाउल घरंगळवत त्याच्या जवळ न्यायचे. बाउल एका बाजूनं मुद्दाम जड केलेला असतो, म्हणून वळत जातो. ज्यांना हे कळत नाही ते म्हणतात, बाउल बिघडला.

सेक्रेटरी भैय्याजींना गाठलं. राइस मिल त्यांची, धानही त्यांचंच. म्हणाले, "मिलमंधी जागाच नाही जी. अन् इथं खेळतेच कोन?" मी म्हटलं, मी. म्हणाले, "तुमी तं आहाच."

"तं आहाच" म्हणजे काय, याचा खुलासा मागणार आहे.

त्याच दिवशी, दुपारी चार.

तक्रार दिली. त्यावर भैय्याजींनी सांगितलं की जानेवारीच्या वार्षिक सभेत ग्रीन काढून सिमेंटचं बॅडमिंटन कोर्ट करायचा ठराव आहे. तरुण मंडळींची मागणी आहे म्हणे. मग स्वतःच म्हणाले, "आठ खेळाडू आणा जी, टूर्नामेंट भरवा. ग्रीन राहीन. नाही तं सिमेंट."

आव्हान स्वीकारलं. तहसील कचेरी, दोन शाळा, दवाखाना असलेल्या गावात आठ माणसं म्हणजे काहीच नाही.

१६ नोव्हेंबर, सोमवार.

पुढल्या वर्षी ब्रिस्बेनला कॉमनवेल्थ गेम्स आहेत. पेपरात वाचलं, या वेळी बायकांचेही बोल्स आहेत, तिघींची टीम. एक मी. उरल्या दोन. या खेळाचं भविष्य भारतात कुठे असेल तर ते इथेच आहे, कारण बाकी ठिकाणी माणसांना घाई असते.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून शंभर बाउल. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट म्हणत, पाठ ताठ असली की बाकी सगळं आपोआप ताठ होतं.

१७ नोव्हेंबर, मंगळवार.

थंडी. उद्यापासून.

२२ नोव्हेंबर, रविवार.

मारोतरावांशी सामना. २१–४. जिंकले. मारोतराव म्हणजे कचेरीतले रिटायर्ड हेडक्लार्क, गेली सहा वर्षं माझे एकमेव प्रतिस्पर्धी. दर रविवारी हरतात आणि मग माझ्याकडे चहा-चिवडा घेतात. स्वभाव गरीब. खेळात जिद्द नाही. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. ते चिवडा खात म्हणाले, "बरोबर आहे मॅडम."

३ डिसेंबर, गुरुवार.

भरती मोहीम. पोस्टमास्तर म्हणाले, कंबर. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पेशंट. शाळेचे नवे हेडमास्तर म्हणाले, "विचार करून सांगतो." माझ्या खुर्चीवर बसलेला माणूस विचार करणार. अकरा वर्षं मी त्या खुर्चीवर होते, विचाराची वेळ आली नाही.

माणसं येत नाहीत ती आदरापोटी. माझ्यासमोर हरायला कोणाला आवडेल?

६ डिसेंबर, रविवार.

अनपेक्षित. मंदाबाई स्वतः आली. भैय्याजींची बायको, माझी जुनी विद्यार्थिनी. सातवीत दोनदा बसली होती. म्हणजे मी बसवली होती. "उत्तर सात ओळींत लिहा" म्हटलं की ही दोन पानं लिहायची, आणि त्यात उत्तर नसायचं.

म्हणाली, "बाई, मी खेडतो. अजून पाच जनी आनतो. घरी बसून करावं काय? धान तं माह्या घरचंच हाये, म्या उचलाले सांगतलं."

नवऱ्याच्या विरोधात उभी राहिली. हे माझ्या शिकवण्याचं फळ. फक्त "मी खेडतो" म्हणू नकोस, "मी खेळते" म्हण, असं सांगितलं. ती हसली. हसण्यासारखं काय होतं?

त्या सहा, मी आणि मारोतराव. झाले आठ. मी म्हटलं होतंच.

१३ डिसेंबर, रविवार.

पहिला वर्ग. उभं राहणं, पावलाची दिशा, हाताचा झोका, खेळाचा इतिहास. दोन तास. बाउलला हात लावू दिला नाही, पाया पक्का हवा.

मंदाबाईनं आणलेल्यांतली पुष्पाबाई मधेच म्हणाली, "बाई, खेळ शिकवून राह्यल्या का शाळा घेऊन राह्यल्या जी?" सगळ्या हसल्या. मी तिला ग्रीनच्या कडेला उभं केलं. ती पन्नास वर्षांची आहे, तरी उभी राहिली. शिस्त अंगात मुरलेली असते.

२० डिसेंबर, रविवार.

वर्गाला कोणी आलं नाही. लग्नसराई असावी.

२४ डिसेंबर, गुरुवार.

दुपारी क्लबवरून जात होते. आतून हसण्याचा आवाज. सहाही जणी ग्रीनवर, पदर खोचून, बाउल टाकत होत्या. मारोतराव चक्क शिकवत होते. जॅक सापडला नाही म्हणून बेलफळाला चुना लावून जॅक केला होता. मला बघताच सगळ्या सरळ उभ्या राहिल्या. मंदाबाईनं बेलफळ पाठीमागे लपवलं.

सराव गुरूच्या नजरेआड करतात ते गुरूला चकित करण्यासाठी. मला भरून आलं. पण चुन्याचा जॅक चालणार नाही हे सांगितलंच. खरा जॅक माझ्या कपाटात आहे, सुरक्षित.

८ जानेवारी १९८२, शुक्रवार.

परवा टूर्नामेंट. उद्या कप आणायला भंडाऱ्याला जाते आहे, मुक्काम बहिणीकडे. कपावर नाव कोरायला जागा ठेवायला सांगणार. आधीच कोरून घेतलं असतं, पण बरं दिसत नाही.

ग्रीनवर गवत पिवळं पडलंय, मधे टक्कल. मंदाबाईला बजावलं: "रविवारी जमीन आरशासारखी गुळगुळीत पाहिजे. काय करायचं ते करा, पण मला एक खड्डा दिसता कामा नये." ती म्हणाली, "तुमी निर्धास्त जा जी बाई."

१० जानेवारी, रविवार. सकाळी आठ.

ग्रीन शेणानं सारवलं आहे.

या कडेपासून त्या कडेपर्यंत. मळणीच्या आधी खळं सारवतात तसं. भोवती रांगोळी. मधोमध खरा जॅक, माझ्या कपाटातला (किल्ली मीच दिली होती), त्याला हळदकुंकू. सहाही जणी काल दिवसभर राबल्या. हात अजून हिरवे. मंदाबाई पुढे येऊन म्हणाली, "पाहा न बाई, एक तरी खड्डा दिसते का? खळ्यावर दाना अटकत नाही, तं तुमचा गोळा कायले अटकन?"

लॉन बोल्समधला लॉन गेला. आता नुसतं बोल्स. मी हे तिला सांगणार होते. पण सगळ्या इतक्या आशेनं बघत होत्या की म्हटलं, सामना झाल्यावर सांगू.

त्याच दिवशी, दुपारी दोन.

पहिल्या फेरीत मंदाबाईशी गाठ. सोपा ड्रॉ.

मी नेहमीच्या जोरानं टाकला. गवतावर तो जोर बरोबर असतो. इथे बाउल जॅकला ओलांडून, रांगोळी पुसत, थेट कडेच्या चरात. दुसरा, तिसरा, चौथाही. पुष्पाबाई कडेवरून म्हणाली, "हळू जी बाई, तो कुठं पळून नाही चालला." मंदाबाई खाली वाकायची, सोडल्यासारखा सोडायची. बाउल रमतगमत जायचा, वळायचा आणि जॅकला टेकायचा.

स्कोअर लिहीत नाही. स्कोअर महत्त्वाचा नसतो.

मारोतराव फायनलला पोचले. तिथे मात्र जिद्दीनं खेळले. सहा वर्षांत मी त्यांचा असा एकही बाउल पाहिला नव्हता. माझ्याशी असं का खेळत नाही, म्हणून विचारलं. चष्मा पुसत म्हणाले, "पहिल्याच रविवारी मी जिंकलो होतो मॅडम. तुम्हाला आठवत नसन. त्या दिवशी चहा नव्हता."

कप मंदाबाईनं जिंकला. मी दिला. नावाची जागा रिकामी होती, ते एक बरं झालं.

११ जानेवारी, सोमवार.

सेक्रेटरींना दुसरी तक्रार, रजिस्टर पोस्टानं. मुद्दे: ग्रीनचा पृष्ठभाग नियमबाह्य. हळदकुंकवानं जॅकचं वजन वाढलं. प्रेक्षकांची शेरेबाजी. सबब निकाल रद्द करून सामना गवतावर पुन्हा व्हावा.

१७ जानेवारी, रविवार.

वार्षिक सभा. सिमेंटचा ठराव पडला. भैय्याजींनी स्वतः विरोधात हात वर केला, कारण मंदाबाई शेजारी बसली होती. ग्रीन राहिलं. बायका आता दर गुरुवारी खेळणार, आणि दर पंधरा दिवसांनी सारवणार.

मग भैय्याजींनी राजीनामा दिला. म्हणाले, मिलचं काम वाढलं. मंदाबाईनं माझं नाव सुचवलं. सगळे हात वर. एवढे हात माझ्यासाठी कधी वर झाले नव्हते, वर्गात सोडून. गुणांची कदर होतेच, उशिरा का होईना.

१८ जानेवारी, सोमवार. सकाळी साडेदहा.

पदभार स्वीकारला. चौकीदार सेवकरामनं टपाल आणून ठेवलं. एकच पाकीट, रजिस्टर, वर माझं अक्षर. भैय्याजींनी फोडलंही नाही.

विचारलं तर म्हणाले, "आता तं उत्तर तुमालेच द्या लागन जी." मंदाबाई दारातून म्हणाली, "अन् सात ओळीत लिहा बरं का, बाई."

दुपारपर्यंत दोन पानं लिहिली. त्यांत उत्तर नाही.

मोहाडी क्लबच्या मानद सचिव टाळाटाळ करतील, असं आत्ताच दिसतं आहे. मी त्या बाईला चांगली ओळखते. पण मी सोडणार नाही. ३१ जानेवारी, रविवार, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर मिळालंच पाहिजे. मुदतवाढ नाही.