मागेपुढे होणारा दस्ता

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे यातली तीन अंगं तूर्त कागदावरच समजावीत). तुमचा खोकला कसा आहे? मामींनी थंड पाणी बंद केलं असं कळलं. वाईट वाटलं, पण मामींना सांगू नका.

क्लबच्या नेमबाजी संघात एकच जागा उरली आहे आणि निवड तुम्ही करणार, म्हणून इकडची हकिगत कळवतो. उमेदवार दोन, मी आणि तुमची भाचेसून. नेम सुधारावा म्हणून मी माझ्या एअर रायफलीला मागेपुढे होणारा दस्ता बसवून घेतला. गालाखालची पट्टीही वरखाली होते. आता तो अंगाबरोबर जुळवायचा कसा? सासरेबुवा पडले शिंपी. त्यांनी टेप काढून माझा हात, खांदा, मान मोजली (छातीही मोजली, सवयीनं) आणि कपड्यात सोडतात तशी दस्त्यातही दोन बोटं माया सोडली. म्हणाले, जावई अजून भरेल. जावई पन्नाशीचा आहे.

परिणाम असा की रेंजवर दस्ता खांद्याला लावला, तर डोळा नेमाच्या भोकापर्यंत पोचेना. मी मान ताणली, तोल गेला आणि छर्रा शेजारच्या निशाणाच्या बरोब्बर मधोमध लागला. शेजारी तुमची भाचेसून. तिनं पाना घेतला, दस्ता दोन बोटं आत सरकवला आणि एवढंच म्हणाली, "बाबांना सांगू नका हं, त्यांना वाटेल आपण उसवलं."

तेव्हापासून रायफल अंगाला छान बसते. नेम सुधारला का, तर सुधारला, थोडासा. गाल दर वेळी एकाच जागी टेकतो, मान दुखत नाही. पण पूर्वी चुकलं की रायफल बसत नाही असं म्हणता यायचं, ती सोय गेली. आता चुकतं ते सगळं माझंच असतं, आणि ते बरंच असतं.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. तुमच्या भाचेसुनेचा नेम माझ्यापेक्षा कितीतरी चांगला आहे, आणि तोही क्लबच्या जुन्या, जागेवरून न हलणाऱ्या लाकडी दस्त्यावर. पण माझी जागा जाऊ नये म्हणून निवडीच्या दिवशी मुद्दाम बाहेर मारायचं तिनं ठरवलंय (सासरेबुवांच्या पोटात काही राहत नाही). मला ते बघवणार नाही. तेव्हा मला आधीच वगळा. तिनं कारण विचारलं तर दस्ता नियमात बसत नाही म्हणून सांगा. माझं नाव मधे आणू नका.

आणखी एक ता. क. राखीव म्हणून ठेवलंत तर माझी हरकत नाही.