यादीतली पहिली दोन नावं

प्रिय बाईसाहेब,

सप्रेम सलाम. माझा खोकला गेला, रविवारी चर्चलाही जाऊन आलो. तुझा गुडघा कसा आहे? उगाच जिने चढू नकोस.

आता डोकं का फिरलंय ते सांगतो. इथल्या पुढाऱ्यानं कॉलेजला फर्मान धाडलं: वेगवेगळ्या धर्मांची जी मुलं-मुली जोडीनं फिरतात, त्यांची नावं प्राध्यापकांनी लिहून द्यावीत. घरच्यांना कळवणार म्हणे! साधा पंखा दुरुस्त करायला वर्ष लावणाऱ्या प्राचार्यांनी तासाभरात कोरे कागद वाटले. वर मला म्हणतात, "सर, तुम्ही तर देवभीरू माणूस." अहो, देवाला भितो म्हणूनच पुढाऱ्याला भीत नाही!

माझ्या वर्गातली अशीच दोघं शेवटच्या बाकावर एकाच पुस्तकात डोकं घालून बसतात. माझ्या हातात तो कागद बघून पांढरीफटक पडली बिचारी. मी त्यांच्यादेखत दोन नावं लिहिली: पहिलं माझं, दुसरं तुझं. आपलेही धर्म दोनच की!

शनिवारी खुलासा द्यायला बोलावलंय. नोकरीची काळजी करू नकोस, मीही फारशी करत नाही. फक्त आपल्या लग्नातला तो फोटो पाठव, ज्यात तुझे वडील तोंड फिरवून उभे आहेत आणि माझी आई बायबल कवटाळून रडतेय. घरच्यांना कळवून किती फरक पडतो, ते दिसू दे सगळ्यांना.

तुझाच,
यादीतला पहिला