पाच म्हणजे पाचच

तीर्थरूप मामांना,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, मामींचा खोकला कसा आहे? बरा असेल असं धरून चालते, कारण मला आता भांडायचं आहे.

आमच्या वजनकाट्यांच्या कारखान्यात मीटर तपासायला अढळ पाच व्होल्ट लागतात. ते देणारी वस्तू मालक विकत आणणार होते. मीच तोंड वर करून म्हणाले, साध्या सुट्या भागांतून करून देते. (माझ्या जिभेला हाड नाही, हे आईकडून आलंय.) मालक म्हणाले, "सोमवारी बघतो, बाई. आकडा हलला, तर तुम्ही परत झाकणांचे स्क्रू आवळायला." त्या टेबलावरून इथवर यायला मला किती वर्षं लागली, तुम्ही जाणता.

तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, व्होल्ट धरून ठेवणारा झेनर डायोड आणि साधा डायोड एकापुढे एक जोड. ऊब लागली की एकाचे व्होल्ट चढतात, दुसऱ्याचे उतरतात, हिशेब जुळतो. मग रेझिस्टरनी पाचावर आण आणि डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव. ठेवलं! मीटरचा शेवटचा आकडा माकडासारखा वरखाली. मी घरातला पंखा बंद करवला. नणंदेच्या हातातून मिक्सर काढून घेतला. (ती अजून माझ्याशी बोलत नाही, तेवढाच फायदा.) रेझिस्टर बदलले, सगळे टाके उकलून पुन्हा डाग दिले. हलतोच! शेवटी सगळ्यांवर तोंडसुख घ्यायला मी स्वयंपाकघरात गेले, तर बाहेरून नवरा ओरडला, "अगं, थांबला!" धावत आले, नाक मीटरला लावलं. हलला. तो शांतपणे म्हणाला, "तू आलीस की हलतो. माझंही तसंच होतं."

मामा, माझा श्वास! मी ओणवी होऊन फुसफुसत होते, ती ऊब आधी झेनरला, मग इंचभर लांबच्या डायोडला, मग हिशेब कसा जुळणार? दोघांना एकमेकांना चिकटवून झाकून ठेव, एवढं एक वाक्य तुम्ही गिळलंत! मी घर डोक्यावर घेतलं, नवऱ्याला नको ते बोलले. आता दोघांना दोऱ्याने बांधून, कापसात गुंडाळून डबीत घातलंय. तुमची विद्या तुम्हालाच लखलाभ!

तुमची,
डोकं तापलेली भाची

ता. क. हे पत्र त्या डबीला टेकूनच लिहिलं, दात खात. आकडा तसूभर हलला नाही. घरात माझ्या रागाला भीक न घालणारी एक तरी वस्तू झाली.

ता. क. पुन्हा. सोमवारी याल का? हात थरथरायला लागल्यापासून तुम्ही कुणाच्याच कामाच्या टेबलापाशी जात नाही, मामी सांगत होत्या. तुम्हाला काही जोडायचं नाहीये. मालक बघत असतील तेव्हा फक्त माझ्या मागे उभे राहा. श्वास तेवढा दुसरीकडे सोडा.