किटलीचं काम

गुरुजी, आपल्या खोलीतला चहाचा ड्रम मी काल बंद करून ठेवला. तुम्ही तो पाहिलेला नाही, तुम्ही गेल्यानंतर मी तो केला. दुकानात पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करून उरलेल्या वेळात, कुणाला न विचारता. स्टीलचं भांडं, आत कॉइल, चहा तापला की आपोआप बंद होणारा थर्मोस्टॅट, खाली पितळी तोटी. थेंबही गळू नये म्हणून तोटीचा वायसर पुनःपुन्हा बदलला. तो बसवला त्या रविवारी सगळे म्हणाले, "अण्णा, आता कुणाला उठायचं काम न्हाई." ऐकून बरं वाटलं होतं. दारू सोडू बघणाऱ्या माणसांना आठवड्यातून एकदा बसायला जागा हवी आणि गरम चहा हवा. तेवढं तरी मी चोख करतोय असं वाटायचं.

कमठाण्याच्या शाळेत तुम्ही म्हणायचात, "उभा राहा, मोठ्यानं बोल." मी उभा राहायचो आणि बोलायचो नाही, आणि तास संपेपर्यंत तुम्ही मला तसंच उभं ठेवायचात. सातवीनंतर शाळा सुटली. वाइंडिंग, कन्नड वाचणं, मोटारीच्या पाटीवरचं इंग्रजी, सगळं पुढे माझं मी शिकलो, आणि हे अजून छाती पुढे काढून सांगतो. मग कित्येक वर्षांनी बायकोनं मला बिदरला त्या खोलीच्या दारात आणून सोडलं, तर आत सतरंजीवर तुम्ही. तुम्हीही पीत होतात हे मला ठाऊकच नव्हतं. मी मागं फिरणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "आलास? चप्पल आत घे, बाहेर कुत्रं नेतंय." वाटलं, आता हे मला उभं करणार. तुम्ही पहिले काही रविवार काहीच विचारलं नाही. नंतर एकदा हातात किटली दिलीत. "प्रत्येकाला विचार, किती ओतू. न विचारता ओतायचा नाही."

त्या रविवारी मी किटली घेऊन फिरतोय. पहिल्याला विचारताना आवाज फुटत नाही. दुसरा म्हणतो, "भरूनच वत रं बाबा, हितं मोजून पिणारं कोण हाय?" सगळे हसतात, मीही हसतो. तुमच्यापर्यंत येईस्तोवर माझा आवाज त्या खोलीत इतक्यांदा निघालेला असतो की मलाच तो परका वाटत नाही. रिकामी किटली मांडीवर घेऊन मी खाली बसलो आणि कसं कोण जाणे, बोलायला लागलो. तुम्ही सबंध वेळ सतरंजीकडं बघत होतात.

हल्ली एक जण हळ्ळीखेडहून येतो. नाव लिहीत नाही, आपली रीतच तशी. टेम्पो चालवायचा, आता त्याला कुणी गाडी देत नाही. मोठी बहीण त्याला बसनं घेऊन येते आणि बाहेर पायरीवर बसून राहते. तो तोटीखाली कप धरायचा, भिंतीला टेकून बसायचा, संपलं की उठायचा. बहिणीनं मला गाठलं. "अण्णा, भावजय लेकरं घेऊन माहेरी जाऊन बसलीय. ह्यो हितं बी कामून बोलत न्हाई? हितनं बी उठला तर मी कुठं न्यावं ह्याला? तुम्ही तरी बोलतं करा."

म्हणून गेल्या खेपेला मी त्याला विचारलं. कधीपासून, सुरुवात कशी झाली, दोन शब्द तरी सांगा. जळालेली मोटार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला विचारतो तसं, एकामागून एक. तो उभा राहिला. सगळे त्याच्या तोंडाकडं बघायलेत. "मला येत न्हाई बोलायला," म्हणाला आणि निघून गेला. बहीण पाण्याची बाटली घेऊन त्याच्या मागं धावली. जाताना तिनं दारातून माझ्याकडं बघितलं.

तो आठवडा नकोसा गेला. गुरुजी, आताशा दमायला होतं. माणसं येतात आणि जातात. मी म्हणत आलो, आताच्या माणसांत दम नाही. पण आठवून बघितलं तर ड्रम आल्यापासूनचे नवे जवळजवळ सगळेच गप्प बसले आणि गप्पच गेले. चहा ज्याचा तो घेत होता. कुणाला कुणाशी बोलायचं कारणच मी ठेवलं नव्हतं.

काल कपाटावरची किटली काढली, चिंचेनं घासली. दांडीला तुम्ही गुंडाळलेली चिंधी तशीच आहे. बहिणीनं त्याला काय सांगून आणलं कुणास ठाऊक, पण आला. दारातच त्याच्या हातात किटली दिली. "ड्रम चालत नाही आज. एवढं धरा. विचारून विचारून ओता." "मी?" "मग काय मी? माझे गुडघे गेलेत."

"किती वतू?" पहिल्यांदा घशातच राहिलं. 'भरूनच वत' म्हणणारा तो जुना गडी अजून येतो, त्यानं तोच विनोद केला. हा हसला नाही, पण पुढच्याला जरा मोठ्यानं विचारलं. कन्नड बोलणाऱ्या म्हाताऱ्याला कन्नडमध्ये. स्वतःला घ्यायचं विसरला, तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला किती?" म्हणाला, "अर्धा." मग किटली खाली ठेवून कप हातात घेतला. "मागच्या बारीला हितनं उठून सरळ दुकानावर गेलतो. अक्का रस्त्यात उभी होती, तिच्यासमोर प्यालो." एवढंच. माझ्या तोंडाशी किती प्रश्न आले होते. एकही विचारला नाही. तो टिकेल का, सांगता येत नाही. निघताना मात्र त्यानं विचारलं, "पुढल्या रविवारी बी ड्रम बंदच का?"

"कॉइल जळाली," मी म्हणालो. "मिळायला वेळ लागेल."

हे कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून लिहितो. खोटं बोलायचं नाही, हा त्या खोलीतला तुमचा एकच नियम होता. कॉइल जळालेली नाही, गुरुजी. माझ्या हातची कॉइल इतक्यात जळत नसते.